गर्दीचे गणित मांडणारा एर्लांग

मी दहावीत होते त्या वर्षी आमच्या बोरी गावाजवळच्या रस्त्याच्या कडेने लांबच लांब नाली खोदण्याचे काम निघाले होते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्या कामावर रोजंदारीने जात. काळ्या मातीत कमरेएवढी खोल नाली खणायची, तीत जाड नळीचे वेटोळे सोडत न्यायचे आणि पुन्हा माती लोटायची, असे ते काम. एके दिवशी जेवताना अण्णांनी मला विचारले की, त्या नळीत म्हणे केसाएवढ्या काचेच्या तारा घालतात. मग एवढ्याशा तारेतून साऱ्या मुलखाचे बोलणे एकमेकांत न मिसळता जाते तरी कसे? घरात शिकणारी मी एकटीच. पण मला उत्तर देता आले नाही. अण्णांनी काही मनात धरले नाही. मला मात्र तो प्रश्न बोचत राहिला.

यंदा बी. ए. द्वितीय वर्षाला अर्थशास्त्राच्या तासाला संख्याशास्त्राची तोंडओळख झाली. संभाव्यता शिकवताना सरांनी टेलिफोनचे उदाहरण घेतले आणि ओघात एक परके नाव फळ्यावर लिहिले : आग्नर क्रारुप एर्लांग. तास संपला, फळा पुसला गेला, पण नाव माझ्या वहीत राहिले. पुढे मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळले की हा माणूस आपल्यासारखाच खेड्यात जन्मलेला, शाळामास्तरांचा मुलगा होता. आणि माणसे पुष्कळ व तारा थोड्या असताना किती जणांना हात हलवत परत जावे लागेल, बाकीच्यांना किती वेळ तिष्ठावे लागेल, या एका प्रश्नापायी त्याने वीस वर्षे खर्ची घातली. त्याच्या नावाचे एकक आज जगभरच्या टेलिफोन खात्यांत वापरले जाते. वाचकहो, त्या थोर पण अबोल गणितज्ञाची ही ओळख.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक छोटासा देश. त्याच्या जटलंड नावाच्या भागात, टार्म गावाजवळ लोनबोर्ग नावाचे खेडे आहे. तेथे १ जानेवारी १८७८ रोजी एर्लांगचा जन्म झाला. वडील हान्स हे गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आईचे माहेर क्रारुप घराण्यातले. त्या घराण्यात धर्मोपदेशकांची परंपरा होती. आईच्या पूर्वजांत थॉमस फिंके नावाचे सोळाव्या शतकातले गणितज्ञ होऊन गेले होते. त्रिकोणमितीत आपण टॅन्जंट आणि सिकंट हे शब्द वापरतो, ते रूढ करणारे हेच. घरात पैसा बेताचा, पुस्तकांचे प्रेम मात्र अमाप. संध्याकाळी आग्नर आणि त्याचा थोरला भाऊ फ्रेडरिक एकच पुस्तक वाचीत. भाऊ पुस्तक सुलटे धरून बसे आणि आग्नर त्याच्या समोर बसून तेच पान उलट्या बाजूने वाची. एकाच पुस्तकात दोघांचे भागवायचे हे त्या घरातल्या मुलांना असे लहानपणीच ठाऊक झाले होते. त्याला सर्वांत आवडे ते आकाशनिरीक्षण. ताऱ्यांवर तो कविताही करी.

प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेत झाले. पुढचा अभ्यास वडिलांनी आणि शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकांनी घरीच करून घेतला. चौदाव्या वर्षी कोपनहेगनला जाऊन त्याने परीक्षा दिली. वय कमी पडत असल्याने खास परवानगी काढावी लागली होती, तरी तो विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाला. नंतर दोन वर्षे त्याने वडिलांच्याच शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून काम केले आणि त्या काळात फ्रेंच व लॅटिन भाषा शिकून घेतल्या.

येथवर ठीक होते. पण विद्यापीठात जायचे तर आधी शहरात राहून प्रवेश परीक्षेची तयारी करायला हवी होती, आणि मास्तरांच्या पगारात ते बसणारे नव्हते. अशा वेळी आईकडच्या एका दूरच्या नातलगाने हिलेरोड येथे मुलाच्या राहण्याजेवणाची विनामूल्य सोय केली. त्या आसऱ्याने एर्लांगने तेथील फ्रेडरिक्सबोर्ग शाळेत अभ्यास केला, १८९६ साली कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पुन्हा विशेष गुणवत्तेने दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. आपल्यापैकी किती तरी जण काकाच्या, मामाच्या नाही तर वसतिगृहाच्या आधारावर शिकत आहेत. एक भाकर आणि एक वळकटी टाकण्यापुरती जागा मिळाली नाही म्हणून कितीकांचे शिक्षण सुटते, हे त्यांना सांगायला नको. एर्लांगचे सुटले नाही, याचे श्रेय त्याच्या बुद्धीइतकेच त्या घराच्या उघड्या दाराला दिले पाहिजे.

१९०१ साली तो गणित हा मुख्य विषय घेऊन एम. ए. झाला. खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे त्याचे जोडविषय होते. त्यानंतर सुमारे सात वर्षे त्याने निरनिराळ्या शाळांत शिकवले. स्वभावाने तो फारसा बोलका नव्हता, तरी तो शिक्षक म्हणून चांगला होता असे सांगतात. शाळा सांभाळून गणिताचा व्यासंग चालूच होता. विद्यापीठाने एका गणिती विषयावर निबंध मागवले तेव्हा त्याच्या निबंधाचा गौरव झाला. डॅनिश गणित संघाच्या सभांना तो नेमाने जाई, आणि तेथेच त्याच्या आयुष्याला वळण मिळाले.

त्या सभांना योहान येन्सेन नावाचे एक गृहस्थ येत. गणिताच्या विद्यार्थ्यांना येन्सेनची असमानता माहीत असते, तेच हे येन्सेन. पण पोटापाण्यासाठी ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. कंपनीचे संचालक फ्रित्स योहान्सेन यांना एक अडचण छळत होती. तिच्यावर त्यांनी स्वतःही लिहिले होते, पण पुरे उत्तर हाती येत नव्हते. येन्सेन यांनी या अबोल शाळामास्तराची त्यांच्याशी गाठ घालून दिली. १९०८ साली एर्लांग कंपनीत दाखल झाला आणि पुढे तेथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

ही अडचण समजण्यासाठी त्या वेळचे टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांपुढे आणावे लागेल. भल्यामोठ्या फळ्यांसमोर ऑपरेटर मुली बसलेल्या. एकाने फोन उचलला की ऑपरेटर त्याच्या तारेची दांडी दुसऱ्याच्या भोकात खोची आणि दोघांची तार जोडली जाई. अशा सलग जोडलेल्या वाटेला सर्किट म्हणतात. दोघे बोलोत, भांडोत की नुसते श्वास घेत बसोत, ठेवून देईपर्यंत ती वाट त्या दोघांचीच; तिसऱ्याला ती मिळायची नाही. आता एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तारा किती टाकाव्यात? प्रत्येकाला एक टाकावी तर कंपनी बुडेल. फार थोड्या टाकाव्यात तर लोक ओरडतील. ऑपरेटर तरी किती नेमाव्यात? सारे काम अंदाजाने चाले.

एर्लांगने अंदाज बाजूला सारला. त्याचे म्हणणे असे की, एकेक माणूस केव्हा फोन करील हे कोणालाच सांगता येणार नाही. पण हजारो माणसे आपापल्या मनाने फोन करतात तेव्हा त्या गोंधळालाही एक नियम असतो. एका तासात सरासरी इतके फोन येत असतील, तर एखाद्या मिनिटाला एकही फोन न येण्याची, एक येण्याची किंवा पाच येण्याची शक्यता किती, हे काढता येते. फ्रेंच गणितज्ञ पॉयसन याने एकोणिसाव्या शतकात शोधलेले वितरण टेलिफोनला लागू पडते, असे त्याने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. सरांनी आम्हाला फळ्यावर शिकवले ते हेच.

तो केवळ कागदावरचा गणिती नव्हता. टेलिफोनच्या भूमिगत तारांत वीज कोठे गळते याची मोजणी करण्यासाठी तो कोपनहेगनच्या रस्त्यांतून फिरे. बरोबर शिडी घेतलेला एक कामगार असे. दोघे जमिनीतल्या खड्ड्यांत उतरत. तो खड्ड्यात उतरलेला एम. ए. आणि त्याची शिडी धरणारा कामगार यांचे चित्र माझ्या मनातून जात नाही. आमच्या अण्णांच्या नालीत मात्र असे कोणी उतरले नव्हते.

१९१७ साली त्याचा सर्वांत महत्त्वाचा निबंध आला. त्यात दोन सूत्रे आहेत. पहिले सूत्र परत जाणाऱ्यांचे. सगळ्या तारा गुंतलेल्या असताना जो फोन करील त्याला नकार मिळतो आणि तो निघून जातो असे धरले, तर शंभरातले किती जण असे परत जातील ते या सूत्राने कळते. दुसरे सूत्र थांबणाऱ्यांचे. तार मोकळी होईपर्यंत लोक रांगेत उभे राहतात असे धरले, तर थांबावे लागण्याची शक्यता किती आणि वाट किती पाहावी लागेल ते त्याने कळते.

पहिल्या सूत्राचे एक उदाहरण मी स्वतः करून पाहिले, ते येथे देते. कारण त्याने माझे डोळे उघडले. एका तासात वीस माणसे फोन करणार आहेत आणि प्रत्येकजण सरासरी तीन मिनिटे बोलणार आहे. वीस गुणिले तीन म्हणजे साठ मिनिटे. तार एक आहे आणि तासही साठ मिनिटांचाच आहे. साध्या हिशेबाने सर्वांचे भागायला हवे. पण माणसे ओळीने येत नाहीत. कधी चौघे एकदम येतात, कधी बराच वेळ कोणीच येत नाही. एर्लांगचे सूत्र सांगते की वीसपैकी सरासरी दहा जण परत जातील. अर्धे! दोन तारा केल्या तर शंभरात वीस परत जातात, तीन केल्या तर सुमारे सहा, आणि चार केल्या तर दीड.

आता पुढची गंमत पाहा. गंमत तरी कसली म्हणावी? वीस माणसांना एक तार, हेच प्रमाण कायम ठेवून मोठे गाव घेऊ. दोनशे माणसे आणि दहा तारा. आता शंभरात सुमारे एकवीसच परत जातात. दोन हजार माणसे आणि शंभर तारा घेतल्या तर परत जाणारे आठाहूनही कमी. माणशी वाटा तिन्ही ठिकाणी अगदी सारखा. तरी लहान ठिकाणी अर्धे लोक विन्मुख आणि मोठ्या ठिकाणी बारा-तेरांत एक. कारण मोठ्या ठिकाणी एकाची गर्दी दुसऱ्याच्या रिकाम्या तारेवर सामावली जाते. लहान ठिकाणी दुसरी तारच नसते. म्हणजे सारखी वाटणी केली म्हणून सारखी सोय होत नाही. लहान गावाला शहराइतकी सोय द्यायची तर माणशी वाटा शहराहून जास्त द्यावा लागतो. हे कोणाच्या तक्रारीतले वाक्य नाही, हे गणित आहे.

मला येथे माझ्या आजोबांची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमची आत्या लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. आजी फार आजारी पडली तेव्हा आत्याच्या शेजाऱ्यांकडे ट्रंककॉल लावायला आजोबा सकाळीच घरातून निघाले. कॉल नोंदवला आणि बाकावर बसून राहिले. दिवेलागण झाली तरी लाइन मिळाली नाही. त्या काळी साध्या कॉलपेक्षा जास्त पैसे भरले की अर्जंट कॉल मिळे, तो रांगेत पुढे जाई. तेवढे पैसे त्यांच्या कनवटीला नव्हते. ते परत आले. शेवटी तार केली, पण आत्या पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. आजोबा शेवटपर्यंत म्हणत असत की आपल्यासारख्या गरिबाचा फोन लागत नसतो. ते नशिबाला बोल लावीत. एर्लांगचे सूत्र वाचले तेव्हा मला वाटले, नशीब तर राहोच, तो तारांच्या संख्येचा प्रश्न होता. तारा किती टाकायच्या हे कोणीतरी ठरवले होते, आणि ठरवताना आजोबांसारखे किती जण बाकावरून उठून जातील हेही आधी मोजता येत होते.

एर्लांगचे दुसरे सूत्रही तितकेच बोलके आहे. तार एकच, संभाषणे कमीजास्त लांबीची, आणि लोक रांगेत थांबायला तयार. तार निम्मा वेळ गुंतलेली असेल तर सरासरी एका संभाषणाइतका वेळ थांबावे लागते. ऐंशी टक्के गुंतलेली असेल तर चार संभाषणांइतका, नव्वद टक्के असेल तर नऊ आणि पंच्याण्णव टक्के असेल तर एकोणीस. म्हणजे यंत्रणा पुरी राबवून घेऊ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की शेवटच्या पाच-दहा टक्क्यांची किंमत रांगेतली माणसे आपल्या वेळाने मोजत असतात. परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या अखेरच्या दिवशी मोबाईलच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते, तेव्हा आपण हेच सूत्र डोळ्यांनी पाहत असतो.

एर्लांगची कीर्ती हळूहळू देशाबाहेर गेली. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने तारांची संख्या ठरवण्यासाठी त्याच्या सूत्राचा आधार घेतला. त्याचे निबंध थोडक्यात आणि पुष्कळदा सिद्धतेच्या पायऱ्या गाळून लिहिलेले असत, त्यामुळे ते वाचणे सोपे नव्हते. ते मुळातून समजावेत म्हणून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकाने डॅनिश भाषा शिकून घेतली असे सांगतात. ज्ञान आपल्या भाषेत लिहिले तरी ते खरे असेल तर जग ती भाषा शिकून येते, हे मराठीतून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना धीर देणारे आहे.

एवढे होऊनही त्याची राहणी साधीच राहिली. त्याने लग्न केले नाही. रात्री उशिरापर्यंत काम करी. पैसा पुस्तकांवर खर्च होई. गणित, खगोलशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचा मोठा संग्रह त्याच्यापाशी होता, आणि इतिहास, तत्त्वज्ञान व काव्य यांतही त्याला गोडी होती. गरजू माणसे त्याच्याकडे मदतीसाठी थेट प्रयोगशाळेत येत आणि तो कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने त्यांना मदत करी. परत जाणाऱ्यांचे गणित मांडणाऱ्या या माणसाने आपल्या दारातून सहसा कोणाला परत पाठवले नाही, हे वाचून मला फार बरे वाटले.

टेलिफोन कंपनीत त्याने जवळजवळ वीस वर्षे नोकरी केली आणि त्या काळात आजारपणाची रजा घेतली नाही. १९२९ च्या आरंभी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला रुग्णालयात जावे लागले. त्यातून तो उठला नाही. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढे १९४६ साली आंतरराष्ट्रीय टेलिफोन सल्लागार समितीने टेलिफोनची वर्दळ मोजण्याच्या एककाला त्याचे नाव दिले. एक तार तासभर अखंड गुंतलेली राहिली तर ती एक एर्लांग वर्दळ. वर दिलेल्या उदाहरणातले वीस जणांचे साठ मिनिटांचे बोलणे म्हणजे बरोबर एक एर्लांग.

माणूस गेला, पण त्याच्या गणिताचे आयुष्य पुढेच वाढले. ते कसे, हे थोडे सांगायला हवे, कारण अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

एर्लांगच्या काळी आवाज तारेतून विजेच्या लहरींच्या रूपाने जाई. पुढे त्याचे आकडे करण्याची रीत आली. सेकंदाला आठ हजार वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आठ अंकांत लिहायचे. अंक फक्त शून्य आणि एक. असे एका बोलण्याचे सेकंदाला ६४,००० अंक होतात. अशी तीस बोलणी एका जोडणीवर ओळीने बसवून पाठवू लागले. गाडीच्या डब्यातल्या राखीव बाकासारखी प्रत्येकाची जागा ठरलेली. माणूस बोलो वा न बोलो, जागा त्याचीच. सर्किट म्हणजे शेवटी हेच राखीव बाक.

१९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांना ठाऊक नसताना वेगळीच रीत सुचवली. बाक राखून ठेवायचेच नाहीत. मजकुराचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि ते एकाच मोठ्या रस्त्यावर सोडून द्यायचे. जसे जातील तसे जातील आणि पलीकडे पुन्हा जोडले जातील. या तुकड्यांना डेव्हिस यांनी पॅकेट हे नाव दिले. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट हे जाळे याच रीतीने सुरू झाले आणि त्यातून आजचे इंटरनेट वाढले. अशा जाळ्यात तुकडे प्रत्येक नाक्यावर रांगेत थांबतात. मग किती थांबतील हे कसे काढायचे? लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६२ मधील आपल्या प्रबंधात त्यासाठी रांगेचे शास्त्र वापरले, आणि त्या शास्त्राचा उगम एर्लांगपाशी आहे. सर्किटच्या जगासाठी मांडलेले गणित पॅकेटच्या जगालाही पुरून उरले. मोठ्या रस्त्यावर सर्वांना एकत्र आणले की तेवढ्याच खर्चात जास्त जणांचे भागते, हेही त्याच्या सूत्राने आधीच सांगितले होते.

पण बोलणे पॅकेटमधून नेणे सोपे नव्हते. पत्राचा तुकडा अर्धा सेकंद उशिरा आला तर बिघडत नाही; बोलण्याचा आला तर माणसे एकमेकांच्या तोंडात बोलू लागतात. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत जायला सेकंदाच्या सातव्या हिश्शापेक्षा फार जास्त वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणून बोलण्याचे साधारणपणे सेकंदाला पन्नास तुकडे करतात आणि नाक्यावर त्यांना पुढे जाऊ देतात, अगदी जुन्या अर्जंट कॉलसारखे. शिवाय जुन्या सर्किटवर चालणारी यंत्रे एकदम मोडीत काढता येत नाहीत. ती बिचारी आपला राखीव बाक शोधत असतात. त्यांच्यासाठी तीस बोलण्यांची ती सबंध जोडणीच तुकडे करून पॅकेटच्या रस्त्यावरून नेतात आणि पलीकडे जशीच्या तशी उभी करतात, म्हणजे त्या यंत्रांना बदल झाल्याचे कळतही नाही.

हे कसे साधते? आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला समजेल असे सांगते. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोन एकदम. पण पाणी आधी टाकीत घेतले तर नळाची धार सारखी चालते. तसेच पलीकडच्या टोकाला तुकड्यांसाठी एक लहानशी टाकी असते. तुकडे अवेळी येवोत, त्यातून अंक मात्र ठरल्या वेगाने बाहेर पडतात. टाकी फार मोठी केली तर उशीर वाढतो, फार लहान केली तर धार तुटते. आणखी एक अडचण अशी की दोन्ही टोकांची घड्याळे तंतोतंत जुळावी लागतात. पलीकडचे घड्याळ किंचित पुढे धावले तर टाकी हळूहळू रिकामी होईल, मागे पडले तर ओसंडून वाहील. म्हणून टाकीतली पातळी पाहून घड्याळाचा वेग कमीजास्त करण्याची एक युक्ती योजतात.

आपल्या देशातही हा पालट झाला आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावण्याची, म्हणजे एस. टी. डी. ची, पहिली सोय झाली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०१६ साली जिओची मोबाईल सेवा सुरू झाली, तिच्यात बोलण्यासाठी जुनी सर्किट पद्धत मुळी ठेवलीच नव्हती. बोलणे सुरुवातीपासूनच पॅकेटमधून. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो तेही पॅकेटच. आजोबांचा बाक आता उरलेला नाही. पण लहान गावाचा प्रश्न मात्र पुरता संपलेला नाही. मोठा रस्ता दारापर्यंत आला तरच मोठ्या रस्त्याचा फायदा; शेवटचा तुकडा अरुंद राहिला तर तेथे पुन्हा वीस माणसे आणि एक तार.

या लेखाची तयारी झाल्यावर मी एका संध्याकाळी अण्णांना सारे सांगितले. बोलण्याचे तुकडे, त्यांच्यावरचे पत्ते, टाकी, घड्याळ आणि लोनबोर्गच्या मास्तरांचा तो मुलगा. टँकरचे उदाहरण त्यांना लगेच पटले. मग आजोबांचा फोन का लागला नाही तेही सांगितले. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी एवढेच विचारले की, आपण जी नाली खणली तिच्यातून किती जणांचे बोलणे जाऊ शकते? केसाएवढ्या एका तारेतून हजारो जणांचे एकाच वेळी जाऊ शकते असे मी सांगितले, तेव्हा ते आपल्या हातांकडे पाहत राहिले.

एर्लांगच्या चरित्रात लढाया नाहीत, भाषणे नाहीत, सत्कार नाहीत. एक शाळामास्तर, एक टेलिफोन कंपनी, एक शिडी आणि काही पानांचे गणित. पण दाराशी आलेल्यांपैकी किती जण परत जातात हे मोजलेच पाहिजे, हा धडा त्याने घालून दिला. तारांच्या बाबतीत तो खरा आहे, आणि शाळा, दवाखाने, एस. टी. च्या गाड्या व कॉलेजातल्या जागा यांच्या बाबतीतही. परत गेलेला माणूस कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. त्याची नोंद ठेवायला शिकवणाऱ्या या गणितज्ञाला बोरीच्या एका विद्यार्थिनीचे वंदन.